पंकवाल्यांचा शेवटचा शो: रमोन्स, डॅम्ड की एलसीडी साउंडसिस्टम?

एकच बघायचा असेल तर रमोन्सचा बघा. पंक म्हणजे रॉकचा वेगवान, रांगडा प्रकार; असा बँड वीस वर्षं टिकणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट, आणि ‘शेवटचा’ म्हणून जाहीर केलेला शो खरोखर शेवटचा ठरणं त्याहून दुर्मीळ. रमोन्सच्या बाबतीत दोन्ही घडलं. अर्थात सगळ्यांनाच तो आवडेल असं नाही. म्हणून इथे तीन चित्रीकरणं शेजारी ठेवली आहेत: रमोन्सचं ‘वी आर आउटा हिअर’, द डॅम्डचं ‘फायनल डॅम्नेशन’ आणि एलसीडी साउंडसिस्टमवरची फिल्म ‘शट अप अँड प्ले द हिट्स’. यातल्या तिसऱ्या बँडला पंक म्हणावं का, यावर वाद होईल. पण त्याचा म्होरक्या जेम्स मर्फी तरुणपणी पंक बँडमध्येच वाजवत होता आणि त्याच्या नाचायच्या संगीतातही तो रेटा शाबूत आहे, म्हणून घेतलं.

रमोन्सचा शो ६ ऑगस्ट १९९६ चा, हॉलिवूडच्या पॅलेस या सभागृहातला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या पोरांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या बँडचा हा २,२६३ वा शो होता. न्यूयॉर्कच्या या बँडनं निरोप मात्र कॅलिफोर्नियात घ्यावा, हे मला अजून खटकतं. पण शो सुरू झाला की ते विसरायला होतं. ‘वन-टू-थ्री-फोर’ अशी आरोळी, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, आणि टाळ्या विरायच्या आत पुढची आरोळी. गिटारवादक जॉनीचा उजवा हात गिटारवर फक्त वरून खाली पडत राहतो, सत्तेचाळिसाव्या वर्षीही, गाण्यामागून गाणं. हे किती थकवणारं आहे ते एकदा स्वतः गिटार हातात घेऊन तसं दोन मिनिटं वाजवलं की कळतं.

या फिल्ममध्ये बघायची गोष्ट म्हणजे जॉनी आणि गायक जोई यांच्यातलं अंतर. जोईची मैत्रीण लिंडा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला सोडून जॉनीकडे गेली आणि पुढे जॉनीशी तिचं लग्न झालं. तेव्हापासून दोघांत बोलणं जवळजवळ बंद होतं. तरीही वर्षानुवर्षं एकाच व्हॅनमधून दौरे केले, एकाच स्टेजवर हातभर अंतरावर उभे राहिले. शिवाय जोईला तोवर लिम्फोमा हा कर्करोग झालेला होता आणि चाहत्यांना त्याचा पत्ता नव्हता. हे ठाऊक असताना माइकच्या दांडीला धरून उभा असलेला तो उंच, किडकिडीत माणूस बघणं वेगळंच. २००१ मध्ये जोई गेला, २००२ मध्ये मूळ बेसवादक डी डी, २००४ मध्ये जॉनी. पुनर्मीलनाचा प्रश्नच उरला नाही.

पाहुण्यांची मात्र गर्दी आहे. मोटरहेड बँडचा लेमी येतो आणि रमोन्सवर स्वतः लिहिलेलं गाणं त्यांच्याच बरोबर म्हणतो. तेवढी मिनिटं सोन्यासारखी आहेत. रॅन्सिड आणि साउंडगार्डन या बँडमधली मंडळी येतात, शेवटी पर्ल जॅमचा एडी व्हेडर येतो. सगळ्यात महत्त्वाचा पाहुणा म्हणजे डी डी. १९८९ मध्ये तो बँड सोडून गेला होता, तरी त्यांच्यासाठी गाणी लिहीतच राहिला. इथे तो ‘लव्ह किल्स’ म्हणायला उभा राहतो. गाणं त्याचंच, पण शब्द सापडत नाहीत. ओळी निसटत जातात, मागे बँडचा वेग तसूभर कमी होत नाही. एवढी ढळढळीत चूक त्यांनी तशीच ठेवली, हे उत्तम केलं. रमोन्स म्हणजे काय ते त्या एका गाण्यात कळतं: माणूस चुकला तरी काम थांबत नाही.

तक्रार आहे ती मांडणीबद्दल. मध्ये मध्ये जुनी दृश्यं आणि मुलाखती येतात. बँडचा इतिहास ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग होतो, पण ज्याला सलग शो हवा त्याची लय तुटते. जोईही वयानुसार शब्द तोडून, अर्धे गिळून गातो. आवाजाच्या श्रीमंतीसाठी हे चित्रीकरण लावू नका.

त्यासाठी डॅम्ड. लंडनच्या टाउन अँड कंट्री क्लबमध्ये १३ जून १९८८ ला झालेला हा शो वाजवण्याच्या दृष्टीनं तिघांत सरस आहे. ब्रिटनमधलं पहिलं पंक सिंगल (१९७६ चं ‘न्यू रोझ’) आणि पहिला पंक अल्बम (फेब्रुवारी १९७७) याच बँडचा. त्या अल्बमवरचे चौघे, म्हणजे डेव्ह व्हेनियन, कॅप्टन सेन्सिबल, ब्रायन जेम्स आणि रॅट स्केबीज, या रात्रीसाठी पुन्हा एकत्र आले.

यातली कल्पना फार चांगली आहे: बँडचा सगळा प्रवास क्रमानं स्टेजवर मांडायचा. आधी मूळ चौकडी सुरुवातीची गाणी वाजवते; जेम्सची गिटार खरखरीत, घाईची, आणि सेन्सिबल बेसवर. मग जेम्स बाजूला होतो, सेन्सिबल गिटार हाती घेतो, नंतरच्या काळातले साथीदार येतात, कीबोर्ड येतो, आणि त्याच बँडचा पोत बदलतो. चाली मोठ्या होतात, व्हेनियनचा भारदस्त आवाज मोकळा होतो. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा असं ज्यांना वाटतं, त्यांना हा बदल डोळ्यांनी बघता येतो. स्केबीज तर दोन्ही भागांत ड्रम्सवर तुटून पडलेला असतो. माझ्या मते या शोचा खरा नायक तोच. शेवट रोलिंग स्टोन्सच्या ‘द लास्ट टाइम’ने.

चित्र मात्र त्या काळच्या व्हिडिओचं, धूसर. आणि तो निरोप टिकला नाही. बँड पुढे वेगवेगळ्या संचांत परत परत उभा राहिला, २०२२ मध्ये तर मूळ चौघंही ब्रिटनमधल्या काही शोंसाठी एकत्र आले. म्हणजे ‘अखेर’ बघायला बसाल तर हिरमोड होईल. पण मार्च २०२५ मध्ये ब्रायन जेम्स गेला, आणि आता त्या चौकडीचं प्रत्येक चित्रीकरण जपून ठेवण्यासारखं झालं आहे.

एलसीडी साउंडसिस्टमचा शो २ एप्रिल २०११ चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला, जवळजवळ चार तासांचा. फिल्म २०१२ ची. सिनेमा म्हणून तिघांत हीच बांधेसूद: शो, एक मुलाखत आणि दुसऱ्या दिवशीचा मर्फी यांची वीण घातलेली आहे. घरी उठलेला, कुत्र्याला फिरवणारा, आणि मग बँडच्या सामानाच्या खोलीत वाद्यांसमोर ढसाढसा रडणारा मर्फी. हा प्रसंग कितीही वेळा बघितला तरी अंगावर येतो. बँड पाचेक वर्षांत परतला म्हणून ते रडणं खोटं ठरत नाही, असं मला ठामपणे वाटतं. विकत घेणार असाल तर तीन डिस्कचा संच घ्या. त्यात संपूर्ण शो स्वतंत्र आहे. नुसती फिल्म बघून गाणी अर्धवट राहिल्यासारखी वाटतात.

फ्रेंच येत असेल तर बेर्युरिए नुआर या फ्रेंच पंक बँडचा नोव्हेंबर १९८९ मधला पॅरिसच्या ऑलिंपियातला निरोपही शोधा. ड्रमरऐवजी ड्रम मशीन, मुखवटे, स्टेजभर माणसं. शब्द कळल्याशिवाय मात्र निम्मं हातातून जातं, म्हणून वरच्या तुलनेत घेतला नाही.

तेव्हा निवड कशी करायची? गाणी ऐकायची असतील, पंक नव्यानं समजून घ्यायचं असेल, तर डॅम्ड, आणि तेही मोठ्या आवाजात. हेडफोनवर स्केबीजचे ड्रम्स वाया जातात. पंकशी फारसं देणंघेणं नसलेल्या कुणाबरोबर बघणार असाल तर एलसीडी, कारण काम संपल्यावर माणसाचं काय होतं हे कळायला बँडची ओळख लागत नाही.

आणि रमोन्सची दहाबारा गाणी आधीपासून ओठांवर असतील तर दुसरा विचारच करू नका. फक्त एक करा. ‘वी आर आउटा हिअर’ लावण्याआधी त्यांचा लंडनच्या रेनबो थिएटरमधला ३१ डिसेंबर १९७७ चा शो बघा. त्याचंही चित्रीकरण झालेलं आहे, आणि ध्वनिमुद्रणात तासाभराच्या आत २८ गाणी बसतात. तिथला जोई सव्वीस वर्षांचा आहे, पॅलेसमधला पंचेचाळीस. दोन्ही एकाच दिवशी बघू नका. रेनबो आदल्या रात्री, पॅलेस दुसऱ्या दिवशी.