पडताळा की आदेश पद्धत: अनिश्चित संकलन सोडवताना काय निवडावे?

बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातील अनिश्चित संकलन, म्हणजे अवकलनाची (डिफरन्सिएशनची) उलट क्रिया (इंटिग्रेशन), हे प्रकरण सुरू झाले की नागपुरातील माझ्या शिकवणीत एक प्रश्न हमखास येतो. उत्तराचा अंदाज बांधून त्याचा अवकलनाने पडताळा घ्यावा, की प्रत्येक वेळी रीतसर आदेश पद्धत, म्हणजे मुलांच्या तोंडचे सबस्टिट्यूशन (आतील राशीला नवे चल मानणे), वापरावी?

कंसात क्ष हा फक्त पहिल्या घातात असेल, तर माझा कौल निःसंशय पडताळ्याला आहे. कॉस ३क्ष घ्या. साइन ३क्ष हा अंदाज धरून अवकलन केले, तर ३ कॉस ३क्ष मिळते; ३ जास्तीचा आला, म्हणून त्याने भागले की एक तृतीयांश साइन ३क्ष अधिक स्थिरांक हे उत्तर हाती येते. (२क्ष + ५) च्या सातव्या घातासाठी आठवा घात धरला, तर अवकलनात १६ हा गुणक येतो आणि त्याने भागायचे असते.

मात्र याच सवयीने मुले पुढे फसतात. कॉस (क्षचा वर्ग) याचे संकलन करताना साइन (क्षचा वर्ग) याला २क्षने भागून मोकळे होणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. भागणारी राशी अचल असेल तरच ती अवकलनात जशीच्या तशी राहते. इथे ती बदलती असल्यामुळे भागाकाराच्या नियमाने एक जादा पद उरते. या फलाचे संकलन ओळखीच्या फलांत मांडताच येत नाही, त्यामुळे तिथे आदेश पद्धतही कामी येत नाही. पण त्याच फलाला क्षने गुणलेले असेल, तर क्षचा वर्ग = ट मानताच क्ष आणि त्याचे विकल (dx) मिळून टच्या विकलाचे (dt चे) अर्धे होते आणि उत्तर अर्धे साइन (क्षचा वर्ग) अधिक स्थिरांक येते. आतील फलाचे अवकलज (अवकलन करून येणारे फल) बाहेर गुणाकारात उभे आहे का, एवढेच आधी पाहावे.

बोर्डाच्या लेखी उत्तरात पायऱ्या दिसाव्या लागतात, म्हणून तिथे आदेश पद्धतच लिहावी. सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे असतात आणि पर्याय समोरच असतात. तिथे संकलन अडले, तर पर्यायांचेच अवकलन करणे बहुधा लवकर होते.

साइन क्ष गुणिले कॉस क्ष या उदाहरणात तर पडताळ्याला पर्याय नाही. साइन क्ष = ट मानले, तर अर्धा साइनवर्ग येतो; कॉस क्ष = ट मानले, तर उणे अर्धा कॉसवर्ग येतो. उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणून वहीतील बरोबर गणित खोडणारी मुले पाहिली की जीव तुटतो, कारण या दोन उत्तरांत फरक फक्त अर्ध्याचा आहे आणि तो स्थिरांकात सामावतो.