डेस्कटॉपला केबल ओढावी की वायफायवरच भागवावं?

फायबरवाला येतो, हॉलमध्ये टीव्हीच्या वर राउटर ठोकतो आणि जातो. डेस्कटॉप असतो आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. मग केबल ओढायची, की यूएसबीचा वायफाय अडॅप्टर लावून मोकळं व्हायचं?

माझं मत सरळ आहे: जे मशीन जागचं हलत नाही त्याला केबल, बाकीच्यांना वायफाय. फक्त ड्रिल हातात घेण्याआधी राउटरमागचे पोर्ट तपासा. बऱ्याच स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट (केबल जोडायची भोकं) अजून १०० एमबीपीएसचेच असतात. तुमचा प्लॅन ३०० चा असेल तर केबलवर ९०-९५ दिसतील आणि त्याच हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर त्याहून जास्त. शिव्या मात्र केबल खाते.

पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) असूनही विंडोजमध्ये लिंक स्पीड १०० दिसत असेल, तर संशय क्रिम्पिंगवर, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवण्यावर घ्या. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे कनेक्टरमध्ये उरलेल्या चारांपैकी एखादी तार नीट बसली नाही तरी नेट चालू राहतं, फक्त मंदावतं, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. केबल कॅट ५ई दर्जाची घेतलीत तरी १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं. फ्लॅटला एवढं खूप झालं. तार शुद्ध तांब्याची आहे ना, एवढं बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वळणावर तुटते.

वायफायची खरी अडचण स्पीड टेस्टमध्ये दिसतच नाही. कमांड प्रॉम्प्टमधून राउटरला पिंग लावून ठेवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं. केबलवर उत्तर बहुतेक वेळा एका मिलिसेकंदाच्या आत येतं. वायफायवर ३, ५, ४ आणि मध्येच ८०. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचं तोंड उघडं राहतं ते या ८० पायी. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराला त्यातूनच वाट काढायची असते. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण आरसीसी भिंत आणि लोखंडी कपाट लागलं की ते ढेपाळतं.

घरातल्या घरात फाइली हलवायच्या असतील तर फरक आणखी ठळक होतो. लग्नाच्या फोटोंचे १० जीबी गिगाबिट केबलवर दीड-दोन मिनिटांत जातात, १०० च्या पोर्टवर पंधरा मिनिटं. एक टोक वायफायवर असेल तर वेग त्या टोकाचा.

केबलवरचा डेस्कटॉप आणि वायफायवरचा लॅपटॉप एकाच राउटरवर असले तर ते एकाच नेटवर्कमध्ये असतात. प्रिंटर, फोल्डर सगळं शेअर होतं. गडबड होते ती इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे आपला दुसरा राउटर जोडल्यावर. एका मशीनचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, नेट दोन्हीकडे आहे, पण लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवतो. लॅपटॉप गेस्ट वायफायवर नाही ना, आणि विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना, हेही बघून घ्या.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर वायफायच बरं. स्कर्टिंगच्या कडेने पट्टीतून केबल नेता येते, पण दारापाशी ती पायात येतेच. गच्चीवरून दुसऱ्या मजल्यावर उघडी केबल मात्र नेऊ नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. तिथे वायफाय किंवा फायबर.

नवीन फर्निचर करताना भिंतीतून पाइप टाकणार असाल तर तो लाइटच्या वायरीच्या पाइपापेक्षा वेगळा ठेवा आणि एकाऐवजी दोन केबल ओढून घ्या. पुढे आतल्या खोलीत वायफाय पोचवायला मेश (एकत्र चालणारे दोन-तीन राउटर) किंवा ॲक्सेस पॉइंट लावायची वेळ आली की दुसरी तयार असते.