पिकरिंग की रेंजेल?

घरात कुणी परराष्ट्र सेवेत नाही आणि मोठ्या विद्यापीठाची फी परवडत नाही, अशा अमेरिकी तरुणांना राजनैतिक नोकरीत आणण्यासाठी या दोन फेलोशिप निघाल्या. पिकरिंग १९९२ची, रेंजेल २००२ची. पैसा परराष्ट्र खात्याचा, कारभार वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाकडे (हार्वर्ड नव्हे).

पैशावरून ठरवायला बसलात तर हाती काही लागणार नाही. अलीकडच्या वर्षांत दोन्हींकडे मास्टर्सची दोन वर्षं वर्षाला ४२ हजार डॉलरपर्यंत मिळत आले आहेत. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ४ पैकी किमान ३.२ आणि नंतर पाच वर्षं सेवेत राहण्याचं बंधन, हेही सारखंच. ग्रीन कार्डवर भागत नाही, नागरिकत्वच लागतं.

फरक आहे तो पहिल्या उन्हाळ्यात. रेंजेलवाले तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत काढतात: मतदारांचे फोन, समितीच्या सुनावणीच्या नोंदी, दुपारपर्यंत हवं असलेलं एकपानी टिपण. पिकरिंगवाले थेट परराष्ट्र खात्यात, जिथे चार ओळींचा मजकूरही अनेक टेबलांची संमती घेतल्याशिवाय हलत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात दोघेही परदेशातल्या दूतावासात. मला विचाराल तर रेंजेल. खात्याच्या पैशाच्या नाड्या ज्यांच्या हाती, त्यांचं कामकाज आतून बघायची संधी पुढे सहसा मिळत नाही. खात्यात नेमकं काय चालतं याचाच अंदाज नसेल तर मात्र पिकरिंग बरं. पुष्कळ जण दोन्हींकडे अर्ज टाकतात, आणि त्यात काही वावगं नाही.

विकासकामाची ओढ असलेल्यांसाठी तिसरी होती, पेन. पण ती ज्या यूएसएआयडी या परदेशांना विकास-मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतल्या नोकरीसाठी होती, ती संस्थाच १ जुलै २०२५ रोजी गुंडाळली गेली. जुन्या याद्यांत नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका.

पाच वर्षांचं बंधन हलक्यात घेऊ नये. सुरुवातीच्या नेमणुकांत खात्याचा शब्द अखेरचा, आणि त्यातली एक तरी बहुधा व्हिसाच्या खिडकीवर: माणसामागे काही मिनिटं आणि लगेच निर्णय. मध्येच सोडलं तर पैसे परत मागितले जाऊ शकतात. सुरक्षा तपासणीच्या फॉर्ममध्ये परदेशातल्या जवळच्या नातलगांची माहिती भरावी लागते, ती आधीच गोळा करून ठेवलेली बरी. आणि जुलै २०२५मध्ये खुद्द परराष्ट्र खात्यानेच तेराशेहून अधिक कर्मचाऱ्यांना नारळ दिला, तेव्हा अर्जाचा निबंध लिहायला बसण्याआधी यंदा अर्ज खुले आहेत का, एवढं बघून घ्या.