रेल्वेगाडी अख्खी दिसली: अपू त्रयीचा 4के संच

नागपुरात सदरमधल्या एका टॉकीजमध्ये मी 22 वर्षं प्रोजेक्टरवर ऑपरेटर होतो. आधी कार्बनच्या दिव्यावर मशीन चालवलं, मग झेनॉनच्या दिव्यावर. ऐंशीच्या दशकात फिल्म सोसायटीवाले रविवारी सकाळी आमचा हॉल घ्यायचे. त्यांच्यासाठी सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' मी तीनदा लावला. प्रिंट पार घासलेली. पडद्यावर सतत उभा पाऊस, आणि नेमकं रेल्वेगाडीच्या प्रसंगात जॉइंटवर जॉइंट. एकदा तर माझ्याच हातात फिल्म तिथं तुटली. ब्लेडनं फिल्मवरचा चित्राचा थर खरवडला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलं, दाबून धरलं, मशीन पुन्हा सुरू केलं. दरवेळी एखाद-दोन फ्रेम जातातच. माझ्या आधी कितीजणांनी कापल्या असतील देव जाणे. अपू आणि त्याची बहीण दुर्गा काशफुलांच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत निघायचे आणि गाडी धड दिसायच्या आत निघून गेलेली असायची.

यंदा मे महिन्यात लेक अमेरिकेहून आली, तेव्हा तिनं माझ्यासाठी क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-कंपनीचा अपू त्रयीचा 4के, म्हणजे साध्या ब्लू-रेच्या चौपट बारकाव्याच्या डिस्कचा, संच आणला. 2024 साली निघालेला. 'पथेर पांचाली' (1955), 'अपराजितो' (1956) आणि 'अपूर संसार' (1959), तिन्ही एका खोक्यात. पहिल्या रात्री पहिला लावला आणि ती गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा अख्खी पाहिली. आधी खांबाला कान लावून ऐकणं, मग लांबवर धूर, मग डबे, आणि गाडी गेल्यावर मागं रेंगाळणारा काळा धूर. कुठंही धक्का नाही. मी रिमोटनं मागं नेऊन तीनदा पाहिलं. मशीनवर असताना ही सोय नव्हती.

या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हचं काय झालं होतं ते माहीत असेल तर हा संच वेगळ्याच नजरेनं पाहिला जातो. 1992 मध्ये सत्यजित राय यांना मानद ऑस्कर मिळालं. पुढं त्यांच्या चित्रपटांचं जतन करायचं म्हणून निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबमध्ये गेल्या आणि जुलै 1993 मध्ये त्या लॅबला आग लागली. जळकी, वितळलेली रिळं कोणीही फेकून दिली असती. ती फेकली नाहीत, अमेरिकेत ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहात ठेवली. वीस वर्षांनी ती इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये गेली. तिथं ठिसूळ झालेल्या फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणला, वितळून चिकटलेली टेप आणि गोंद हातानं काढला, कडेची भोकं नव्यानं बांधली. नुसतं हाताचं काम जवळपास हजार तासांचं. भोकं फाटली की फिल्म मशीनच्या गेटमध्ये सरळ सरकत नाही, चित्र थरथरतं. एक फाटकं भोक नीट करताना माझा घाम निघायचा, तोही धडधाकट फिल्मवर. आगीतून आलेल्या फिल्मवर रीळभर ते काम करणाऱ्या त्या लोकांना माझा हात जोडून नमस्कार.

इतकं करूनही 'पथेर पांचाली'चा 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून जास्त भागच मूळ निगेटिव्हमधून घेता आला. बाकीचा दुसऱ्या संग्रहांतल्या प्रतींवरून जोडला. मी मुद्दाम टीव्हीपासून चार फुटांवर खुर्ची टाकून जोड शोधत बसलो. काही ठिकाणी फिल्मचा दाणा जरा जाड होतो, करडा रंग थोडा चपटा वाटतो, तिथं प्रत बदलली असावी असं वाटतं. पण गोष्ट पाहत बसलात तर कळणार नाही.

एक जागा सांगतोच. मिठाईवाला कावड घेऊन निघतो, मागं दुर्गा आणि अपू, त्यांच्या मागं कुत्रं, आणि ही सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी चालताना दिसते. आमच्या प्रिंटवर ते पाणी म्हणजे पांढरा डाग होता. इथं पाण्यावरची बारीक लहर दिसते आणि त्या लहरीत कावड हलते. सुब्रत मित्र यांचा कॅमेऱ्यामागचा हा पहिलाच चित्रपट, हे दरवेळी आठवतं आणि दरवेळी खरं वाटत नाही.

आवाज मोनो आहे, आणि तसाच हवा. फक्त पाहताना कूलर बंद करा. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं सोपं नाही, पण अपूचे वडील हरिहर घरी परत येतात तो प्रसंग कूलरच्या घरघरीत पाहण्यात अर्थ नाही. अपूची आई सर्वजया कोसळून रडते आणि तिच्या रडण्याच्या जागी रविशंकरांच्या संगीतातली तारशहनाई, म्हणजे शहनाईसारखं वाजणारं तंतुवाद्य, ऐकू येते. आमच्या हॉलमध्ये त्या वरच्या सुरांवर स्पीकर फाटायचा. इथं तो सूर शेवटपर्यंत स्वच्छ जातो. आम्ही घामानं भिजून ऐकला.

'अपूर संसार'च्या निगेटिव्हची दोनच रिळं वाचली होती, तीही वापरण्यासारखी नव्हती. म्हणून तो अख्खा फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्ह, म्हणजे मूळ निगेटिव्हनंतर काढलेल्या प्रतींवरून केला आहे. फरक कळतो. चेहरे किंचित मऊ आहेत, दाणा जास्त आहे. पण उगाच घासूनपुसून चेहरे मेणाचे केलेले नाहीत, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. फिल्म आहे ती फिल्मच दिसते.

आता घेणाऱ्यांसाठी कामाचं. बऱ्याच साध्या ब्लू-रेंना प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिका 'ए'मध्ये, आपण 'सी'मध्ये. मागं एकदा हे माहीत नसताना बाहेरून एक ब्लू-रे मागवून मी फसलोय, सीताबर्डीतून घेतलेल्या प्लेयरनं ती घेतलीच नाही. 4के डिस्कला असं कुलूप नसतं. संचातल्या तीन 4के डिस्क भाच्याच्या डिस्क लागणाऱ्या प्लेस्टेशन 5 वर विनातक्रार चालल्या. वेगळा 4के प्लेयर शोधत फिरण्यापेक्षा ओळखीच्या घरात असं खेळण्याचं यंत्र आहे का, ते आधी विचारा. मात्र मुलाखती आणि डागडुजीवरची फिल्म असा जादा ऐवज सोबतच्या ब्लू-रेंवर आहे, आणि त्या 'ए'वाल्या आहेत. म्हणजे तो ऐवज आपल्याकडच्या साध्या यंत्रावर दिसणार नाही. हे धरूनच पैसे मोजा. दुसरी उणीव म्हणजे सबटायटल फक्त इंग्रजी. माझी बायको इंग्रजी भरभर वाचत नाही, त्यामुळं लेक शेजारी बसून मराठीत सांगत होती. नागपुरात बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून बंगाली माणसं आहेत. बायकोचं माहेर धंतोलीतलं, शेजारी बंगाली बिऱ्हाड, त्यामुळं अर्ध्या गोष्टी तिला सांगाव्याच लागल्या नाहीत. पण ज्याच्या घरी अशी लेक किंवा असा शेजार नाही, त्यानं काय करायचं? हिंदी सबटायटल तरी हवी होती.

'अपराजितो' आम्ही सगळ्यात शेवटी पाहिला. क्रमानं तो दुसरा, पण लेकीची बॅग भरणं सुरू होतं. बायको म्हणाली, "अहो, हा आत्ता नका लावू. पोट्टी जाऊ द्या, मग पाहू." तिला गोष्ट ठाऊक होती. फार वर्षांपूर्वी मी एक बिनानावाची स्वस्त डीव्हीडी आणली होती, तिच्यावर पाहिलेली. मुलगा शिकायला कलकत्त्याला जातो, आई गावात एकटी.

लेक गेल्यावर चौथ्या दिवशी लावला. बनारसच्या अंगणातला उजेड पाहण्यासारखा आहे. ते अंगण म्हणजे सेट आहे. वरून पांढरं कापड ताणून त्यावरून दिवे परतवले होते, आणि कुठल्या कोपऱ्यात खोटी सावली सापडते का ते मी शोधत राहिलो. सापडली नाही. मग शेवटाकडं आजारी सर्वजया अंधारात बसलेली असते, लांब गाडीचा आवाज येतो, अपू आला असं तिला वाटतं, आणि समोर तळ्याच्या काठी काजवे चमकत असतात. 4के डिस्कवर काळा रंग खोल आहे आणि त्यात काजवे एकेक वेगळे दिसतात. त्या स्वस्त डीव्हीडीवर तिथं नुसता काळोख होता, आणि बायकोनं तेव्हा मला विचारलं होतं, ही बाई कशाकडं पाहून राह्यली?

या वेळी तिनं विचारलं नाही.