सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घेण्याआधी हे वाचा : पुरात बुडालेली ऑडी मला कशी विकली

पुरात बुडालेली, विमा कंपनीने निकालात काढलेली ऑडी टीटी मला 'डॉक्टरांची, एकहाती, फारशी न फिरलेली' म्हणून सत्तावीस लाखांना विकण्यात आली. विकणारा पुण्याकडचा दलाल. प्रकरण सध्या ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे नाव देत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी सांगणार आहे. पपई-केळीच्या, जिनिंगच्या, प्लॉटिंगच्या पैशातून अशी एखादी गाडी घ्यावी असं वाटणारे तरुण आता खान्देशात पुष्कळ आहेत, आणि हे लोक नेमके आपल्यालाच गाठतात. पुण्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभं राहतं. शहाद्याचा नाही तर चोपड्याचा माणूस चारशे किलोमीटरवरून किती वेळा भांडायला येणार, हा त्यांचा हिशेब.

मी शहाद्याचा. गाडी चालवायला शिकलो ते तोरणमाळच्या रस्त्यावर. म्हसावद, राणीपूर सोडलं की सातपुडा सुरू होतो आणि तापीकाठच्या सपाटीवरून रस्ता थेट साडेअकराशे मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. सातपायरी घाटात एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं डोक्यावर येतं. वरच्या टप्प्यावरून पाहिलं की आपण आलो तो रस्ता खाली घडी घालून ठेवल्यासारखा दिसतो. पावसाळा संपल्यावर, डांबर धड असताना, पहाटे तिथे गाडी चालवण्याचं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट, तळोद्याकडून धडगावला जाणारा चांदसैलीचा घाट, हे रस्तेही माझ्या आवडीचे. चांगली स्पोर्ट्‌स कार घ्यायची ती याच रस्त्यांसाठी, हे कित्येक वर्षांपासून मनात होतं. दलालालाही पहिल्याच फोनवर मी ते सांगितलं होतं.

गाडी २०१६ची, तामिळनाडू पासिंगची. टीटीचं हे मॉडेल भारतात २०१५मध्ये आलं. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा. घाटासाठी याहून काय हवं? मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. मी सर्व्हिसची नोंद मागितली, शोरूमच्या लेटरहेडवर छापून मिळाली. त्रयस्थ कंपनीकडून तपासणी करून हवी म्हटलं, तर रंगीत फोटोंसह चाळीस पानी अहवाल आला. गाडी समोर उभी राहून पाहिली, चालवूनही पाहिली.

पण चालवली ती कुठे? बाह्यवळणाच्या सपाट, सरळ रस्त्यावर. जवळच्या घाटात एक फेरी मारू म्हटल्यावर उत्तर आलं, "साहेब, गाडी फार खाली आहे, पुढचा बंपर घासला तर नुकसान कोण भरणार?" ऐकायला बरोबर वाटतं. अशा गाडीला खड्ड्यांची भीती असतेच. त्यांना मात्र बंपरची काळजी नव्हती. बुडालेली गाडी सरळ रस्त्यावर छान पळते. तिचं खरं रूप चढ-उतारावर आणि वळणावर बाहेर येतं.

माझ्या बाबतीत ते पहिल्यांदा चढावर दिसलं. तीव्र वळणातून बाहेर पडताना एक्सलरेटर दिला की पुढची चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी बाहेरच्या कठड्याकडे सरकायची. क्वाट्रोमध्ये त्या क्षणी मागच्या चाकांनी ढकलायला हवं. ते होत नव्हतं, आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. उतरताना त्याहून वाईट झालं. अर्ध्या घाटात ब्रेकचं पेडल मऊ पडलं, मग जवळजवळ तळाला गेलं. गिअर हाताने खाली आणत, इंजिनच्या जोरावर गाडी आवरली आणि डोंगराच्या बाजूला उभी केली. शेजारी माझा पुतण्या बसलेला होता. या लोकांवर माझा राग पैशांपेक्षा त्याच्यामुळे जास्त आहे.

गाडी क्रेनवर घालून धुळ्याला माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बाकी काही न पाहता आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. आपण बेल्ट लावतो तेवढा भाग नव्यासारखा स्वच्छ होता, पण एरवी गुंडाळलेलाच राहणारा शेवटचा हातभर पट्टा मातकट, आणि त्यावर पाण्याची आडवी रेघ. त्याने बोट फिरवलं, बोटाला बारीक गाळ लागला. "भाऊ, हाई गाडी पानीमा बुडेल शे," तो म्हणाला.

मग एकेक निघत गेलं. गालिचा उचलला तर खालच्या फोममध्ये तोच पिवळट गाळ, सीटच्या बोल्टांना गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर. मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच विजेच्या पंपावर चालतो; तो पंप जाम. ब्रेक ऑईलमध्ये पाणी मुरलेलं. हे जरा समजून घ्या, कारण जीव इथेच जातो. डॉट ४ प्रतीचं ऑईल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात तीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक सतत तापत राहतात, ऑईल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे चाकापर्यंत पोचवत नाही, म्हणून पेडल तळाला जातं. सपाट रस्त्यावर चार-दोनदा ब्रेक मारून हे कधीच कळणार नाही.

शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग नव्हतीच. तिच्या जोडात एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता. एअरबॅग जागेवर आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरला त्यामुळे वाटतं आणि दिवा लागत नाही. म्हणजे पुतण्या ज्या सीटवर बसला होता तिथे समोर रिकामी जागा होती, आणि ती ज्याने रिकामी ठेवली त्याला ते पक्कं ठाऊक होतं. स्कॅनर लावल्यावर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये अडुसष्ट हजार किलोमीटर निघाले. समोरचं मीटर मागे फिरवलं, आतल्या नोंदीला हात लावायचा राहून गेला.

सर्व्हिसची नोंद ज्या शोरूमच्या नावावर होती तिथे ही गाडी कधी आलीच नव्हती. तपासणीचा अहवाल खरा होता, पण दुसऱ्याच टीटीचा. माझ्याकडे आलेल्या प्रतीत चेसिस नंबरचा फोटो तेवढा धूसर केलेला होता.

आरसीवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं, तेव्हा चेन्नईहून मूळ मालकांचा फोन आला. ते डॉक्टर नाहीत, कापडाचे व्यापारी आहेत. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात त्यांच्या इमारतीचं तळघर भरलं आणि गाडी छतापर्यंत बुडाली. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या पाऊण पटीपलीकडे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. त्यांना भरपाई मिळाली आणि गाडीचा सांगाडा आरसीसकट लिलावात गेला. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्यांनी कोरेच सही करून दिले होते. त्याच सह्यांवर ती गाडी हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली. गाडी अजून चालते हे ऐकून त्या गृहस्थांना धक्काच बसला.

आता घेणाऱ्यांनी काय करायचं ते सांगतो. सगळ्यात आधी जुनी विमा पॉलिसी मागा, तीही सर्वसमावेशक, आणि त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, किती आहे ते बघा. क्लेम झाला की तो शून्यावर येतो. मला फक्त थर्ड पार्टी पॉलिसी दिली होती, ज्यात हा आकडा नसतोच. इतक्या महाग गाडीवर नुसती थर्ड पार्टी दिसली तर बोलणी तिथेच थांबवा. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी स्वतः बोला, दलालाने जोडून दिलेल्या फोनवर नव्हे. तपासणीचा अहवाल विकणाऱ्याकडून घेऊ नका. कंपनीला पैसे तुम्ही द्या, माणूस तुम्ही बोलवा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, ते पाहायला मागा. माझ्या दलालाकडे ते नव्हतं हे मला नंतर आरटीओतून कळलं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; तेही वाचा. आणि लिफ्टवर गाडी पाहून झाली की घाटात फेरी मारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. घाटासाठी विकत असलेली गाडी जो घाटात नेऊ देत नाही, त्याच्याशी व्यवहारच करू नका.

तक्रार केल्यावर दलाल दोनदा बोलला. एकदा म्हणाला, पावतीवर 'जशी आहे तशी' लिहिलंय. नंतर म्हणाला, गाडी परत द्या, पंधरा लाख देतो, तक्रार मागे घ्या. मी दिली नाही. ती गाडी पुन्हा पुसून-धुऊन तो पुढच्या माणसाला विकणार, हे उघड आहे. शिवाय आज ती गाडी हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

कुणी असं फसलं असेल तर पुण्याला खेटे घालावे लागतील या भीतीने गप्प बसू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. आपण मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती ऐकतो. मी नंदुरबारला केली. मुदत दोन वर्षांची. फसवणुकीची फिर्याद पोलिसांत वेगळी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली. पहिल्या सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. गाडी उघडताना प्रत्येक भागाचं चित्रीकरण करा, मेकॅनिककडून सहीशिक्क्यानिशी अहवाल घ्या, काढलेला एकही भाग फेकू नका. दलालाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. 'पाणी लागलेलं नाही, लिहून देतो' हा त्याचा मेसेज माझ्या तक्रारीत पहिल्याच पानाला जोडलेला आहे.