स्लिम वायरलेस कीबोर्ड घ्यावा की दुसरा? आधी दोन प्रश्न वेगळे करा

नवा कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक पातळ, बिनवायरचा, टेबलावर जेमतेम जागा घेणारा. दुसरा जाडजूड, वायरचा, खटखट वाजणारा. निवड या दोघांतच करायची असते असं वाटतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. कीबोर्ड पातळ असणं ही एक गोष्ट आणि वायरलेस असणं ही वेगळी. पातळ पण वायरचे कीबोर्ड मिळतात, तसे जाड मेकॅनिकल (प्रत्येक बटणाला वेगळा स्विच असलेले) पण वायरलेस असलेलेही मिळतात. जाडी ठरवते ती बोटांची आणि मनगटाची सोय. वायर ठरवते ती चार्जिंगची, एकाहून जास्त उपकरणांची आणि सुरक्षिततेची. म्हणून दोन्हींचा निर्णय वेगळा घ्यावा आणि आधी जाडीचा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वायर आहे की नाही हे आठवड्याभरात विसरायला होतं, बटणाचा स्पर्श मात्र दर अक्षराला जाणवतो.

बटणाखाली काय आहे

कॉम्प्युटरबरोबर येणारा साधा कीबोर्ड बहुतेक वेळा मेम्ब्रेनचा असतो. प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी घुमटी आणि तिच्याखाली प्लास्टिकचे पातळ पडदे असतात. घुमटी दबली की वरचा पडदा खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं. बटण साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर खाली जातं. अक्षराची नोंद जवळजवळ तळाशी होते, त्यामुळे प्रत्येक बटण पूर्ण दाबावंच लागतं. घुमटी जुनी झाली की स्पर्श गिळगिळीत होत जातो.

स्लिम कीबोर्डमध्येही आत बहुतेकदा रबर आणि मेम्ब्रेनच असतं. फरक असा की बटणाला कात्रीसारखा फुलीच्या आकाराचा प्लास्टिकचा आधार दिलेला असतो आणि बटणाचा प्रवास एक ते दोन मिलिमीटरवर आणलेला असतो. या कात्रीमुळे बटणाच्या कोपऱ्यावर बोट पडलं तरी ते तिरकं न होता सरळ खाली जातं. स्लिम कीबोर्डवर वेग चटकन वाढल्यासारखा वाटतो, त्याचं मोठं कारण हेच. पातळपणाचं श्रेय त्यात थोडंच.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग असते. चेरी या कंपनीच्या एमएक्स पद्धतीच्या स्विचमध्ये बटण चार मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर उमटतं ते निम्म्या वाटेवर, साधारण दोन मिलिमीटरला. म्हणजे बोट तळाला न टेकवता उचलता येतं. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरीत मध्ये हलका अडसर जाणवतो, निळ्यात अडसराबरोबर ‘टिक’ असा आवाजही येतो. रंगांचे हे अर्थ इतर बऱ्याच कंपन्याही पाळतात, पण सगळ्याच नाही. तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका.

आता निर्णयाच्या गाभ्याकडे येऊ. मेकॅनिकलचा ‘अर्ध्या वाटेचा’ फायदा फक्त हलक्या बोटांना मिळतो. आपल्यापैकी बहुतेक जण बटण तळापर्यंत आपटतात. अशा माणसाला जाड कीबोर्डवर निदान चार मिलिमीटरचा प्रवास आणि स्प्रिंगचा विरोध मिळतो, त्यात आघात थोडा मुरतो. स्लिमवर बोट लगेच तळाला धडकतं. जोरात टाईप करणाऱ्याची बोटांची टोकं दिवसअखेर हुळहुळतात ती यामुळे. याउलट ज्याची बोटं बटणांवरून नुसती सरकत जातात, त्याला स्लिमवर कमी श्रमात जास्त काम होतं आणि जाड कीबोर्ड उगाच खोल वाटतो. त्यामुळे कीबोर्डच्या जाहिराती वाचण्याआधी स्वतःचा हात पाहा. शेजारच्या खोलीत बसलेल्याला तुमचं टायपिंग ऐकू जात असेल, तर तुम्ही आपटणाऱ्यांपैकी आहात.

पातळपणाला मर्यादा असते, हे ॲपलच्या बटरफ्लाय कीबोर्डने दाखवून दिलं. २०१५ च्या मॅकबुकमध्ये कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी यंत्रणा आली आणि बटणाचा प्रवास आणखी घटला. बारीक धूळ आत गेली की अक्षर दोनदा उमटायचं किंवा उमटायचंच नाही. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून कात्री परत आली. रोजच्या लिखाणासाठी वेगळा कीबोर्ड घेताना दीड ते दोन मिलिमीटरच्या आसपासचा प्रवास मी किमान मानतो. त्याहून कमी असेल तर तो प्रवासात बॅगेत टाकायला ठीक, मुख्य कीबोर्ड म्हणून नको.

मनगट

इथे स्लिम सरळ जिंकतो. जाड मेकॅनिकल कीबोर्डवर हात ठेवले की तळवा टेबलावर आणि बोटं बऱ्याच उंचीवर, त्यामुळे मनगट वरच्या बाजूला मोडून राहतं. तासन्‌तास तसं राहणं चांगलं नाही. पुढे मनगटाची पट्टी ठेवली तर फरक पडतो, पण मग ती पट्टी कीबोर्डचाच भाग समजून तिची जागा हिशेबात धरा. स्लिमवर मनगट आपोआप सपाट राहतं. आणि कोणताही कीबोर्ड असो, मागचे दोन पाय उघडून तो उभा करू नका. त्याने मनगट आणखी वाकतं. ते पाय बटणांवरची अक्षरं दिसावीत यासाठी असतात, हातांच्या आरामासाठी नाही.

मात्र दुखणं करंगळीच्या बाजूला असेल, म्हणजे दोन्ही हात मध्ये आणताना मनगटं बाहेरच्या अंगाला वाकत असतील, तर स्लिम घेऊन काही होणार नाही. त्याला दोन भागांत विभागलेला कीबोर्ड लागतो. पातळपणा एक कोन सुधारतो, दुसऱ्याला हात लावत नाही. आणि दुखणं हटतच नसेल तर कीबोर्ड बदलत बसण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

मधला मार्गही आहे: लो-प्रोफाइल मेकॅनिकल. यात स्विचच बुटका असतो. बटण साधारण तीन मिलिमीटर खाली जातं आणि अक्षर सव्वा-दीड मिलिमीटरला उमटतं. लॅपटॉपच्या बटणांची सवय असलेल्याला पण जास्त दमदार स्पर्श हवा असलेल्याला मी सर्वांत आधी हाच प्रकार सुचवेन. त्यात खोट एकच: बुटक्या स्विचांची मापं कंपन्यांगणिक वेगळी असतात, म्हणून सुटे स्विच आणि वरच्या टोप्या पूर्ण उंचीच्या स्विचइतक्या सहज बदलता येत नाहीत.

आवाजाबद्दल लांबण लावण्यासारखं काही नाही. कात्रीवाला स्लिम शांत असतो. एकाच खोलीत इतर माणसं काम करत असतील किंवा झोपत असतील तर निळे स्विच घेऊ नका.

वायर, ब्लूटूथ आणि डोंगल

वायरलेसचेही दोन प्रकार आहेत आणि खोक्यावर ते नीट वेगळे सांगितलेले नसतात. ब्लूटूथ वाला कीबोर्ड फोन, टॅबलेट, लॅपटॉप अशा सगळ्यांना जोडता येतो. बऱ्याच मॉडेलांत एक बटण दाबून तीन उपकरणांत फिरता येतं. हे ज्याला लागतं त्याला दुसरं काही चालतच नाही. दुसरा प्रकार छोट्या यूएसबी डोंगलचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये खोचायच्या रिसीव्हरचा. कॉम्प्युटरला तो साध्या यूएसबी कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरायचं असेल तरी चालतो. ब्लूटूथ तिथे बहुतेक वेळा चालत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम अजून जागी झालेली नसते. घरी वायरलेसच वापरायचा असेल तरी एखादा जुना वायरचा कीबोर्ड कपाटात असू द्या.

वेगाचा बाऊ मात्र फार होतो. अक्षर पडद्यावर यायला काही मिलिसेकंद जास्त लागले तरी लिखाणात ते कळत नाही. खेळ खेळणाऱ्यांना कळतं, त्यांनी वायर किंवा चांगला डोंगल घ्यावा. लिहिणाऱ्याला खुपते ती वेगळीच गोष्ट. थोडा वेळ हात न लागला की बॅटरी वाचवण्यासाठी कीबोर्ड झोपी जातो आणि परत आल्यावर पहिलं अक्षर उशिरा येतं किंवा गळतं. पासवर्ड टाकताना याचा फार वैताग येतो.

डोंगलवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. यूएसबी ३ ची पोर्ट आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि डोंगलही तिथेच बोलतो. बाहेरची हार्ड डिस्क लावली की कीबोर्ड अडखळत असेल, तर डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने दूर न्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

बॅटरीचे आकडे वाचताना दिव्यांकडे लक्ष ठेवा. लॉजिटेकच्या एमएक्स कीजचं उदाहरण बोलकं आहे: बटणांखालचा प्रकाश चालू असताना कंपनी १० दिवस सांगते, बंद असताना ५ महिने. बिनदिव्याचे, साध्या सेलवर चालणारे काही कीबोर्ड वर्ष-दोन वर्षं काढतात. अंधारात काम करत नसाल तर दिव्यांचा सोस सोडा. आत बसवलेली बॅटरी असेल तर विचारून घ्या की केबल लावल्यावर कीबोर्ड वायरचा म्हणूनही चालतो का. काहींमध्ये ती केबल फक्त चार्जिंगपुरती असते. वायरचाही म्हणून चालणारा कीबोर्ड बॅटरी थकल्यावरही उपयोगी राहतो, दुसरा अडगळीत जातो.

सुरक्षिततेचं भय वाजवीपेक्षा जास्त नको, पण निष्काळजीपणाही नको. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की डोंगलवाले काही स्वस्त कीबोर्ड दाबलेली बटणं उघडपणे, कूटबद्ध न करता हवेत सोडत होते आणि ती दुरून वाचता येत होती. २०२३ मध्ये ब्लूटूथच्या बाजूनेही एक त्रुटी समोर आली, तिची दुरुस्ती सिस्टिमच्या अपडेटमधून आली. बँकेची किंवा गोपनीय कामं रोज करत असाल आणि कीबोर्ड टेबलावरून कधी हलतच नसेल, तर वायर घ्या. त्या जागी वायरलेसने तुम्हाला काहीही मिळत नाही.

बटणं कुठे आहेत ते पाहा

पातळ कीबोर्ड आकारानेही आखूड करण्याची कंपन्यांना सवय आहे. बाणांची बटणं अर्ध्या उंचीची, होम-एंड गायब, वरच्या रांगेत एफ-२ ऐवजी आवाज आणि प्रकाशाची बटणं. एक्सेलमध्ये दिवस काढणाऱ्याने आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड घेऊ नये. उलट ज्याला तो लागतच नाही त्याने नसलेलाच घ्यावा, कारण त्या भागामुळे माऊस लांब जातो आणि उजवा खांदा ताणला जातो.

देवनागरीत इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ख, घ, छ, झ अशा अक्षरांना शिफ्ट लागतं, म्हणून दोन्हीकडची शिफ्ट बटणं पुरेशी रुंद हवीत. क्ष, त्र, ज्ञ, श्र ही अक्षरं आकड्यांच्या रांगेवर शिफ्टसह येतात, तेव्हा ती रांग अंग चोरून बसवलेली नको.

टिकण्याच्या बाबतीत मेकॅनिकल पुढे आहे आणि फरक मोठा आहे. एक बटण बिघडलं तर तेवढा स्विच बदलता येतो. हॉट-स्वॅप प्रकारात तर डाग देण्याचीही गरज नसते, स्विच चिमट्याने उपटून नवा बसवायचा. स्लिममध्ये कात्रीची नाजूक अडकवणी तुटली किंवा चहा सांडून पडदे चिकटले, तर बहुधा सगळा कीबोर्डच बदलावा लागतो.

मी सुचवेन ते असं. लॅपटॉपवर सराव झालेला, हलका हात असलेला, दिवसातून दोन-तीन उपकरणांत फिरणारा माणूस असेल तर कात्रीचा स्लिम ब्लूटूथ कीबोर्ड निःशंकपणे घ्यावा. दिवसभर लिहिणाऱ्याने किंवा कोड करणाऱ्याने, बटणं आपटत असल्यास, लो-प्रोफाइल किंवा पूर्ण उंचीचा मेकॅनिकल घ्यावा आणि पूर्ण उंचीचा असेल तर मनगटाच्या पट्टीसह. अधूनमधून फॉर्म भरणाऱ्याला, दोन ओळींचे ईमेल लिहिणाऱ्याला साधा वायरचा मेम्ब्रेन पुरतो. त्याच्यावर जास्त खर्च करू नका.

कोणताही घेण्याआधी त्यावर एक ओळ नाही, दहा मिनिटं सलग मजकूर टाईप करून पाहा, कारण पहिल्या ओळीत प्रत्येक नवा कीबोर्ड छान वाटतो. ते शक्य नसेल तर परत करण्याची मुदत वाचा आणि त्या मुदतीत तुमचं नेहमीचं, कंटाळवाणं काम त्याच्यावर करा.