म्युझिक मॅन सिक्स्टी-फाइव्ह, बेळगावच्या लाइटवर: काही महिने वाजवल्यानंतर

या जुन्या गिटार अँपमध्ये आउटपुट व्हॉल्व्हची (काचेच्या नळ्यांची) नवी जोडी बसवली आणि थोड्याच वेळात एका व्हॉल्व्हची आतली धातूची प्लेट पुन्हा लालभडक! दुकानदारानं जुना व्हॉल्व्ह गेला म्हणून बदलून दिला, पैसे घेतले, पण त्याच्या खालचा ट्रान्झिस्टर तपासलाच नाही. या अँपमध्ये तेच तर आधी बघायचं असतं.

फेंडर अँपमधल्यासारखा सिग्नल माझ्या पीसमध्ये ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) जात नाही. ग्रिड एका ठरलेल्या व्होल्टेजवर थांबवलेला असतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह कॅथोडकडून (जिथून इलेक्ट्रॉन निघतात त्या टोकाकडून), ट्रान्झिस्टरनं चालवला जातो. तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की कॅथोड खाली ओढला जातो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि प्लेट लाल होते. नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेनं जातो. म्हणून प्लग काढा, कपॅसिटर रिकामे करा, मग मीटर डायोड तपासायच्या सेटिंगवर ठेवून दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर एकमेकांशी ताडून बघा. बेस-एमिटर ०.६ च्या आसपास दाखवायला हवं. कलेक्टर-एमिटर शून्याजवळ आलं तर तो गेला. बदलताना दोन्ही बदला. त्यात कंजुषी नको.

कपॅसिटर रिकामे करणं ही नुसती औपचारिकता नव्हे. प्लेटवर ७०० व्होल्टच्या आसपास असतात, साध्या गिटार अँपपेक्षा कितीतरी जास्त. ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपनं लावायचा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही. १००० व्होल्ट डीसीचं रेटिंग नसलेलं स्वस्त मीटर इथं वापरू नका.

माझं सगळं लक्ष याच ७०० वर आहे. आपल्याकडं दिवसा पंप चालू असताना लाइट २०० च्या खाली येते आणि रात्री पंप बंद झाले की २५० ला जाते. खानापूर, चिक्कोडीकडच्या गावांत तर जास्तच. २३० ला ७०० असतील तर २५० ला हिशेबानं ७६० होतात. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा पीस स्टेप-डाउनवर (व्होल्टेज निम्मं करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवला तरी सुटका नाही, कारण २:१ चा ट्रान्सफॉर्मर चढउतार तसाच पुढं पाठवतो. म्हणून आधी १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर (मोटरनं व्होल्टेज सलग सावरणारा), मग किमान ५०० व्हीएचा स्टेप-डाउन, मग अँप. रिलेवाला स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो आणि प्रत्येक उडीचा ‘टक’ स्पीकरमध्ये येतो. स्टेप-डाउन आयसोलेटेड, म्हणजे आत-बाहेरची वायंडिंग वेगळी असलेला बरा. ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकच सामाईक वायंडिंग) असेल तर सॉकेटमधला फेज-न्यूट्रल टेस्टरनं बघून घ्या. उलटा लागला तर अँपकडच्या दोन्ही तारा अर्थच्या मानानं धोकादायक व्होल्टेजवर राहतात. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो, तेही लक्षात असू द्या.

आता आवाज. सुरुवातीला वाटलं, फार कोरडा आहे. प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारा भाग) ऑप-अँपचा, म्हणजे आयसी चिपचा, त्यामुळं सूर लगेच, धारदार येतो; व्हॉल्व्ह प्रीअँपची ती हळू दबण्याची सवय इथं नाही. प्रीअँपचा व्हॉल्यूम चढवून डिस्टॉर्शन काढायला गेलात तर टोचरा, पत्र्यासारखा आवाज येतो. पण स्टॅबिलायझर लागल्यावर आणि मास्टर (एकूण आवाजाचा व्हॉल्यूम) वर नेल्यावर मत पूर्ण बदललं. मास्टर असलेल्या मॉडेलवर चॅनेल व्हॉल्यूम ३-४, मास्टर ७-८ ठेवा. मग आउटपुट व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काम करू लागतात, खालच्या तारा भरदार होतात आणि वरचे सूर तुटत नाहीत. क्लीन आवाज एवढ्या जोरात, एवढा सरळ ठेवणारे अँप मोजकेच. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ढोलकीतूनही गिटार वेगळी ऐकू येते. डिस्टॉर्शन पेडलनं घ्या, हा अँप ते उत्तम पेलतो.

या अँपमागं टॉम वॉकर, फॉरेस्ट व्हाइट आणि लिओ फेंडर होते. १९७४ मध्ये सिक्स्टी-फाइव्ह आला. १९९१ चा मार्शल व्हॉल्व्हस्टेट याच्या उलट, प्रीअँपमध्ये एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह आणि पुढं ट्रान्झिस्टर. तो वेगळा स्वभाव आहे, तुलना करत बसू नका.

जुना पीस घेताना मोठे फिल्टर कपॅसिटर बघा. दोन-दोन ओळीनं (सिरीजमध्ये) जोडलेले असतात, सोबत समान वाटणीचे रेझिस्टर. चालू असताना दोघांवर जवळपास सारखंच व्होल्टेज यायला हवं. फरक मोठा असेल तर रेझिस्टर तपासा आणि कपॅसिटरचा पूर्ण संच बदला, कारण मधल्याच बिंदूवरून व्हॉल्व्हच्या स्क्रीनला (आतल्या दुसऱ्या जाळीला) निम्मं व्होल्टेज जातं. फ्यूजच्या जागी तार दिसली तर त्या पीसची किंमत बरीच खाली आणा. स्पीकर न जोडता क्षणभरही चालू करू नका. पावसाळ्यात पॉट (फिरवायच्या बटणांमागचे) आणि जॅकवर ओल धरते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पॉट वीस-पंचवीस वेळा फिरवा, आणि वाजवण्याआधी पॉवरचा स्विच लो वर ठेवून थोडा वेळ तापू द्या.